कारंजं की उथळ ताटली? कोथरूडच्या एका सोसायटीतलं प्रकरण

मार्च २०२४ मध्ये कोथरूडमधल्या ४२ सदनिकांच्या एका सोसायटीला ७५,००० रुपयांची देणगी मिळाली. देणाऱ्या काकू तळमजल्यावर राहतात. काकांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. पत्रात मागणी एवढीच होती, की बागेत कारंजं बसवावं आणि त्यावर काकांच्या नावाची छोटी पाटी लावावी. समितीने आभाराचा ठराव केला आणि जागा बघून कोटेशनं मागवायचं काम खजिनदार आणि मी, अशा दोघांच्या गळ्यात घातलं.

कारंजं शेवटी बसलंच नाही. त्याच्या जागी पक्ष्यांसाठी काळ्या दगडाची एक उथळ ताटली आली आणि तिच्यावर थेंब थेंब गळणारा एक तांब्या. असा निर्णय का झाला, पुढच्या वर्षभरात त्यातलं काय जमलं आणि काय नाही, ते इथे मांडते. असा प्रश्न बऱ्याच सोसायट्यांपुढे येतो आणि तो बहुतेक वेळा कॅटलॉग बघून सोडवला जातो, म्हणून थोडं तपशिलात जाते.

जागा आणि पाणी

बाग म्हणजे दोन विंगांच्या मधला तीस बाय चाळीस फुटांचा तुकडा. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला पार्किंग. एक जुनी बकुळ, एक कडुलिंब, भिंतीलगत जास्वंद आणि तगर, नळाजवळ कर्दळ, दोन सिमेंटचे बाक. माळीमामा आठवड्यातून तीनच दिवस येतात. महापालिकेचं पाणी सकाळी येतं आणि ते टाकीत जातं. बागेला बोअरचं पाणी, आणि ते चांगलंच जड. ज्या कुंडीला ते घालाल तिच्या काठावर महिन्याभरात पांढरा थर चढतो. एप्रिलच्या मध्यावर बोअर हात टेकते आणि टँकर सुरू होतो.

ही माहिती कोटेशन देणाऱ्या एकाही माणसाने विचारली नाही. सगळ्यांनी विचारलं ते उंची किती हवी आणि रंगीत दिवे हवेत का.

कारंज्याचा हिशोब

पर्याय तीन आले. तीन मजली फायबरचं तयार कारंजं, ज्याच्या मधल्या मजल्यावर सिंहाची तोंडं होती. पाच फूट व्यासाचा गोल सिमेंटचा हौद आणि मध्ये एक फवारा. आणि घडीव दगडाचं कमळ, जे देणगीच्या दुप्पट किमतीचं होतं. एका सभासदांनी शनिवारवाड्याच्या हजारी कारंज्याची आठवण काढली आणि पुण्यात कारंजं काही नवं नाही, असं सांगितलं. खरं आहे, पण पेशव्यांच्या पदरी हौद घासायला माणसं होती.

खजिनदारांना धास्ती होती विजेच्या बिलाची. ती अनाठायी निघाली. असल्या कारंज्याला ४० वॅटचा बुडता पंप पुरतो. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास चालवला तरी महिन्याला पाच युनिटच्या आसपास वीज लागते. सोसायटीच्या जिन्यातले दिवे त्याच्या कितीतरी पट वीज खातात. उघड्यावर, पाण्यात वीज न्यायची म्हटल्यावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर आणि नीट अर्थिंग हवंच, तो एकदाचा खर्च.

खरी अडचण पाण्यात होती. पाच फूट व्यासाच्या आणि फूटभर खोल हौदात साडेपाचशे लिटरच्या घरात पाणी मावतं. उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटीमीटरभर उतरते, म्हणजे नुसत्या वाफेत रोजचे अठरा लिटर गेले. फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने बाहेर उडतात ते वेगळेच. हौद आठवड्याला रिकामा करून धुवायचा तर दर खेपेला साडेपाचशे लिटर. टँकर चालू असताना हे पाणी बागेत ओतलं जातंय हे ज्यांच्या नळाला थेंब नाही त्या चौथ्या मजल्यावरच्या मंडळींना कोण समजावणार? त्यात बोअरचं जड पाणी. त्याने फवाऱ्याची बारीक भोकं क्षाराने बुजतात, पंपाच्या जाळीवर थर बसतो. दर काही आठवड्यांनी पंप काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवायचा आणि परत बसवायचा. हे काम माळीमामांचं नाही आणि इलेक्ट्रिशियन त्यासाठी येत नाही.

आम्ही आसपासच्या सोसायट्यांमधली कारंजी बघून आलो. हा या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी अभ्यास. एकाचा हौद मातीने भरून त्यात तगर लावली होती. एक गणपतीपुरतं चालू होतं म्हणे. एकात पावसाचं हिरवं पाणी आणि चिप्सची पाकिटं. चालू कारंजंही दिसलं, पण त्या सोसायटीत रोज येणारा माळी होता आणि फॅसिलिटी मॅनेजर पगारी होता.

झिकाचा पावसाळा

जून २०२४ च्या शेवटी एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले. कोथरूडला लागूनच ते. महापालिकेची पथकं घरोघर फिरू लागली आणि फ्रिजच्या मागचे ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरची भंगार भांडी टॉर्च मारून बघू लागली. आमच्याही गच्चीवर दोन कुंड्यांच्या ताटल्यांत अळ्या निघाल्या. नोटीस आली.

झिका आणि डेंग्यू पसरवणारा डास एकच, एडिस इजिप्ती. त्याला गटाराचं पाणी लागत नाही. भांड्यातलं, साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी त्याला आवडतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्याकडच्या उबेत आठ-दहा दिवस पुरतात. मादी अंडी पाण्यावर न घालता पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पाणी पुन्हा चढलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देण्याने भागत नाही. भांड्याची आतली कड घासावी लागते. आठवड्यातला एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं, त्यात ‘पुसून, घासून कोरडं करा’ हा भाग आपण सोयीने विसरतो.

कारंजं चालू असेल तर पाण्याचा पृष्ठभाग हलता राहतो आणि डासाला तिथे अंडी घालणं अवघड जातं. पण दिवसाचे चार तास चालणारं कारंजं उरलेले वीस तास हौदच असतं. एका सभासदांनी गप्पी मासे सुचवले. सूचना चुकीची नव्हती, गप्पी अळ्या खातातच. मात्र दर आठवड्याला हौद उपसायचा असेल तर मासे कुठे ठेवायचे, आणि उपसायचा नसेल तर शेवाळाचं काय करायचं, याला उत्तर मिळालं नाही.

सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हायची होती. त्याआधी काकूंशी बोलणं भाग होतं, आणि ते अवघड काम आम्ही पुढे ढकलत होतो. शेवटी त्यांच्या घरी गेलो. खजिनदारांनी लिटर, युनिट, नोटीस असं सगळं वाचून दाखवलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “शेजारच्या सोसायटीतलं चालतं का हो?”

“नाही काकू. बंद आहे.”

“त्यावर कुणाचं नाव आहे?”

होतं. त्यांच्याच कुठल्याशा माजी अध्यक्षांचं.

“मग नको. बंद पडलेल्या कारंज्यावर ह्यांचं नाव नको बाई.” थोडं थांबून म्हणाल्या, “ह्यांना पाण्याचा आवाज आवडायचा, म्हणून कारंजं म्हटलं. पाखरं आली तर त्यांना जास्तच आवडलं असतं.”

पुढची सगळी दिशा या बोलण्याने ठरली. आवाज हवा, पाखरं हवीत, आणि वस्तू चालू राहायला हवी. फवारा या तिन्हींपैकी कशातच नव्हता.

पक्ष्यांना काय लागतं

बाजारात बर्ड बाथ म्हणून मिळणाऱ्या वस्तूंतल्या बऱ्याच माणसांसाठी बनवलेल्या असतात. खोल, गुळगुळीत, चकचकीत. बुलबुल किंवा चष्मेवाल्यासारखा छोटा पक्षी पाण्यात उतरतो तो पायाखाली तळ लागला तरच. कडेला जेमतेम अर्धं बोट पाणी आणि मध्ये दोन-अडीच बोटं, म्हणजे चारेक सेंटीमीटर, एवढंच हवं. मधला उतार हळूहळू उतरता हवा. तळ खरखरीत हवा, नाहीतर ओल्या पायांनी पक्षी घसरतो आणि पुन्हा येत नाही. चिनीमातीची रंगीत भांडी इथेच बाद होतात. पत्र्याची आणि स्टीलची उन्हात तापतात. कुंडीखालची मातीची मोठी ताटली खरं तर उत्तम. स्वस्त, खरखरीत, पाणी गार ठेवते. पण आमच्या बागेत मुलं क्रिकेट खेळतात.

जमिनीवर ठेवायची की उंचावर? सातभाई आणि होले जमिनीवरच्या पाण्याला सहज येतात. पण सोसायटीत तळमजल्यावर मांजरांना दूध घातलं जातं आणि तीन बोके बागेत बस्तान मांडून आहेत. पंख भिजलेला पक्षी चटकन उडू शकत नाही, हे बोक्यांना आपल्याआधी कळतं. म्हणून सव्वादोन-अडीच फूट उंचीचा चौथरा ठरला, आणि तो झुडपांपासून आठ फूट दूर. त्याहून जवळ ठेवलं तर बोका जास्वंदीआड दबा धरून बसणार. फार लांब ठेवलं तर आंघोळ झाल्यावर पिसं साफ करायला पक्ष्याला फांदी मिळणार नाही. बकुळीच्या थेट खाली नको, कारण पाण्यात पानं, फुलं आणि वरच्यांची शीट. बकुळीची सावली अकरानंतर जिथे पडते, तिथल्या कडेला जागा धरली.

पार्किंगवाल्यांचा विरोध झाला. पक्षी आले की गाड्यांवर घाण होणार, आरशांवर चोची मारणार. बुलबुल विणीच्या दिवसांत आरशातल्या स्वतःशी भांडतो हे खरंच आहे, पण ते पाण्यावाचूनही चालू असतं. चौथरा भिंतीच्या बाजूला चार फूट सरकवला आणि तो विषय मिटला.

ताटली घडताना

शहराबाहेरच्या रस्त्याकडेला पाटे-वरवंटे आणि खलबत्ते घेऊन बसणाऱ्या एका पाथरवटाकडे गेलो. त्याने आधी तुळशीवृंदावन दाखवलं, मग नंदी, मग पॉलिश केलेली एक गोल डोणी. डोणी सुंदर होती आणि सहा इंच खोल होती. आम्हाला काय हवं ते सांगायला कागदावर आडवा छेद काढून दाखवावा लागला. ४५ सेंटीमीटर व्यास, जाडी दहा, आतला खोलगटपणा जेवणाच्या ताटाहून थोडाच जास्त. त्याला वाटलं पैसे वाचवायला आम्ही खोली कमी करतोय. दुसरी अट त्याला आणखी विचित्र वाटली. आतून घासायचं नाही, टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, घाव तसेच ठेवायचे. “पाट्याला लावता तशी टाकी लावा,” असं म्हटल्यावर गडी हसला आणि कामाला लागला.

तिसरी गोष्ट माळीमामांनी सुचवली, आणि माझ्या मते सबंध प्रकरणातली ती सर्वात शहाणी सूचना. एवढा दगड पस्तीस-चाळीस किलोचा होणार. तो रोज उलटा कोण करणार? मामा म्हणाले, “मधोमध भोक पाडा आन् बूच लावा. वढलं की झालं.” पाथरवटाने सर्वांत खोल जागी अंगठ्याएवढं आरपार भोक पाडलं. त्यात रबरी बूच. चौथऱ्यातून एक नळी काढून ती जास्वंदीच्या आळ्यात सोडली. आता बूच ओढलं की अडीच लिटर पाणी झाडाला जातं, काथ्याने दोन हात फिरवायचे, बूच लावायचं आणि कळशीने भरायचं. सगळं मिळून चहा उकळायच्या आत होतं. साबण, फिनेल, ब्लीचिंग काही नाही. आठवड्यातून एकदा दुपारभर बूच काढून दगड उन्हात कोरडा पडू द्यायचा.

आवाजाचं काम काकूंनीच सोडवलं. त्यांच्या घरी श्रावणात पिंडीवर गळती लावतात. तशीच इथे लावा म्हणाल्या. पक्ष्यांना साठलेल्या पाण्यापेक्षा टपकणारं पाणी लांबून कळतं, त्यामुळे ही कल्पना भाविकपणापलीकडे कामाची होती. तीन पायांचा लोखंडी स्टँड करून घेतला आणि त्यावर दोन लिटरचा स्टीलचा तांब्या टांगला. तांब्याचं भांडं शोभलं असतं, पण आठवड्यात मोडीत गेलं असतं. तळाच्या भोकात सुती दोरा ओवला की थेंब धरून पडतो. दोन सेकंदांना एक थेंब धरला तर तासाला नव्वद मिलिलिटर पाणी जातं, म्हणजे सकाळी भरलेला तांब्या जवळपास दुसऱ्या सकाळपर्यंत पुरतो. तोंडाला फडकं घट्ट बांधायचं, नाहीतर डासांना आपण वरच्या मजल्यावर जागा दिली. तांब्यात पाणी मात्र महापालिकेचंच घालावं लागतं. बोअरच्या पाण्याने दोरा पंधरवड्यात दगड होतो.

दगड, चौथरा, स्टँड आणि पितळी पाटी मिळून १५,००० रुपये झाले. उरलेले ६०,००० सोसायटीने मुदत ठेवीत टाकले. सात टक्क्यांनी वर्षाला ४,२०० व्याज येतं, म्हणजे महिन्याला ३५०. माळीमामा नसतात त्या चार दिवशी हे काम करण्याबद्दल ते वॉचमनला मिळतात. सर्वसाधारण सभेत सर्वांत जास्त वेळ याच मुद्द्यावर गेला. काही जणांच्या मते एवढ्याशा कामाला पैसे कशाला, सभासदांनी पाळी लावून घ्यावी. मी त्याला कडाडून विरोध केला. सोसायटीतल्या पाळ्या दिवाळीपर्यंत टिकत नाहीत.

पहिलं वर्ष

फेब्रुवारी २०२५ मध्ये ताटलीत पाणी पडलं. पहिले काही दिवस साळुंक्या नुसत्या चौथऱ्यावर बसून भांडल्या. मग लालबुड्या बुलबुल उतरले आणि त्यांच्यामागोमाग बाकीचे. चष्मेवाले झुंडीने येतात, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवतात आणि अर्ध्या मिनिटात पसार होतात. दयाळ एकटा येतो, शक्यतो उजाडताना. नाचण आंघोळ कमी करते आणि पाण्याभोवतीच्या चिलटांवर जास्त लक्ष ठेवते. शिंजीर ताटलीत कधीच उतरला नाही. त्याला कर्दळीच्या पानावर साठलेलं पाणी लागतं, पानावर अंग घासत तो न्हातो. मामा कर्दळीवर पाइप मारतात तेव्हा तो हमखास हजर. खारी येतातच, त्यांना कोणी बोलवावं लागत नाही.

कावळ्यांनी वात आणला. कुठूनतरी वाळलेला पोळीचा तुकडा आणायचा, पाण्यात टाकायचा, चोचीने उलटापालटा करत मऊ होईपर्यंत थांबायचं आणि मग खायचा. शिल्लक तिथेच. पोळीपर्यंत ठीक होतं, पण मासळीची हाडं आणि एकदा उंदराचं शेपूट निघाल्यावर तक्रारी आल्या. उपाय काही नाही. पाणी रोज बदलायचं हाच उपाय. एप्रिल-मेमध्ये ते दिवसातून दोनदा बदलावं लागलं, कारण दुपारपर्यंत निम्मं वाफेने आणि निम्मं साळुंक्यांच्या दंग्याने संपलेलं असायचं. तरी दिवसाला पाच लिटरच.

पारव्यांचा प्रश्न मात्र गंभीर झाला. बाकीचे बहुतेक पक्षी चोचीत घोट घेऊन मान वर करतात. पारवा चोच बुडवून सलग पाणी ओढतो, आणि पीत असताना मागे शीट टाकतो. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचे विकार होतात, त्यामुळे दम्याचे रुग्ण असलेल्या दोन घरांनी ताटलीच काढा असा अर्ज दिला. आम्ही थोडं लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, की पारवे पाण्यासाठी येत नव्हते. बी विंगच्या गच्चीवर रोज सकाळी ज्वारी टाकली जात होती, आणि दाणे खाऊन ते खाली पाण्याला उतरत होते. गच्चीवर दाणे टाकू नका हे सांगायला कोणी धजेना, कारण टाकणारे ज्येष्ठ आणि सश्रद्ध. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून, म्हणजे कबुतरांना दाणे घालण्याच्या बंदीवरून, रण पेटलं, वर्तमानपत्रं त्याने भरली, आणि आमचं काम सोपं झालं. ज्येष्ठांनीच आपणहून दाणे बंद केले. पारवे पूर्ण गेले नाहीत, पण थव्याचे दोन-चार झाले आणि अर्ज मागे घेतला गेला.

पावसाळ्यात ताटलीचं बूच काढून ठेवलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पक्ष्यांना पाण्याची वाण नसते, आणि भोक उघडं असलं की पाऊस जास्वंदीत निघून जातो. पथक तपासणीला आलं तेव्हा ताटली कोरडी होती. अळ्या सापडल्या त्या पार्किंगमधल्या एका टाकून दिलेल्या टायरमध्ये. ऑक्टोबरच्या उन्हात बूच परत लागलं.

आवाजाबद्दल सांगायचं तर थेंबाचा आवाज फवाऱ्यासारखा नाही. पार्किंगमध्ये गाडी चालू असली की तो ऐकूच येत नाही. काकूंची खिडकी ताटलीपासून बारा-पंधरा फुटांवर आहे, त्यांना पहाटे येतो म्हणतात.

आता बी विंगने स्वतःची ताटली मागितली आहे, गच्चीवर. समितीने दोन अटी कळवल्या. गच्चीवर नाही, खालीच, आणि ती रोज रिकामी करणाऱ्या माणसाचं नाव व त्याच्या पैशांची सोय अर्जासोबत हवी. पहिली अट त्यांनी मान्य केली. दुसरीचं उत्तर अजून आलेलं नाही.